तिसरा फिल्टर

दातिवरे,
रविवार, दुपार

प्रिय प्रीतम,

हे पत्र गाडीच्या कव्हराखाली, वायपरला अडकवून ठेवतेय. सुट्टीवर आलास की घरात शिरायच्या आधी तू कव्हर काढून बॉनेट उघडतोस, एवढं तरी बायकोला माहीत असतंच. फोनवर सांगता आलं असतं, पण जहाजावरून फोन करतोस तेव्हा तू बोलतोस आणि मी हूं हूं करते. आपण एका वर्गात शिकलो, तुला अरे-तुरे करते म्हणून गावाने मला नावं ठेवली, आणि धड बोलायला मात्र कागद लागतो.

वर्षात तीनदा ऑइल फिल्टर का बदलला, हा तुझा प्रश्न. प्रश्न चांगला आहे, फक्त तो मला विचारायचा राहून गेला. सफाळ्याच्या गॅरेजवाल्या ललितने बिल तुझ्या मोबाइलवर पाठवलं, तू त्याला विचारलंस. मग तुझ्या भावाला, दिनानाथ भावोजींना. मग आईंना. शेजारच्या कुत्र्यालाही विचारलं असशील.

मला पाठ आहे तू शिकवलेलं. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपली गाडी उभीच असणार, म्हणून वर्षातून एकदा तेल बदल, सोबत फिल्टर बदल, जुना फिल्टर पुसून पुन्हा लावू देऊ नकोस. जन्म इंजिनरूममध्ये गेलेला माणूस तू. तिसऱ्या फिल्टरवरून तुला लगेच कळलं की गाडी पळतेय. कुठे पळतेय हे मात्र तू दुसऱ्यांकडून ऐकायचं ठरवलंस.

तर ऐक. तुला जहाजाची नोकरी लागली आणि तू आईंचा बाजार बंद केलास. बोईसरच्या बाजारातली त्यांची जागा, ओट्याचा तो कोपरा, सोडायला लावलास. जहाजाच्या इंजिनाला तेलपाणी करणाऱ्या ऑइलरची आई टोपली घेऊन बसते, तुला लाज वाटली. त्या दिवसापासून त्या ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असत. मी किती वर्षं बघितलं ते. गेल्या वर्षी मी पालघरला गाडी शिकले, ते तुला आवडलं होतं, कारण तुझ्या सुट्टीत तुला मागे बसता येणार होतं. एका सकाळी आईच म्हणाल्या, "सुलू, ही गाडी काय पूजेला आणलीय काय? सुकट भर नि चल. मी हाय ना." मी त्यांना आठवण करून दिली की गाडीत मासळी ठेवायची नाही असं तू बजावलंयस. कोळ्याच्या गाडीला मासळीचा वास नको. आई हसल्या. तशा हसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यातून तीनदा जायचो. डिकीत प्लास्टिक अंथरून सुकट, सोडे, बोंबील. बाजारात बसलं की तुझ्या कानावर जाईल, म्हणून सरावलीला, कारखान्यात कामाला जाणाऱ्यांच्या चाळींकडे. तिथल्या बिहारच्या, ओडिशाच्या बायका वाटच बघत. "मौसी, सूखा झिंगा लायी क्या?" आणि आई आपल्या मोडक्या हिंदीत घासाघीस करत. परत येताना पुढच्या सीटवर झोपून जात. ललितला सगळं ठाऊक होतं, तुला त्याने त्यातलं काय सांगितलं कोण जाणे. तोच म्हणाला, वहिनी, त्या रस्त्यांची धूळ, वजन, सारखं थांबणं-निघणं, अशा गाडीला वर्षाची वाट बघायची नाही, पाच हजाराला तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. मी एकदाही चुकवलं नाही. तुझ्या गाडीची मी काळजी घेतली, प्रीतम. तुला वास येऊ नये म्हणून डिकी घासून घासून माझे हात सोलले.

मग भावोजी बाइकवरून माझ्या मागे आले. त्या दिवशी आईंचे गुडघे दुखत होते, मी एकटीच होते. चाळीचा जिना चढताना त्यांनी मला बघितलं आणि उलटे फिरले. माझ्या हातात सुकटाची पिशवी होती, तीही दिसली असणार. तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तू त्यांना काय उत्तर दिलंस ते कळलं, कारण बुधवारी ते किल्ली मागायला आले.

मी आईंकडे बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. भावोजींनी विचारलं, ही जाते कुठं? त्या खाली बघत म्हणाल्या, "मला काय ठावं नाय बाबा. ती जाते, ती येते." आणि उठून, दुखऱ्या गुडघ्यांनी, खिळ्यावरची किल्ली त्यांनीच काढून दिली. तुझ्यावर मला राग आहे, तो जुना आहे. पण त्या क्षणी जे आत तुटलं ते तुझ्यामुळे नव्हतं. त्या तुला इतक्या भितात हे मात्र तुझ्याचमुळे.

तू म्हणे निरोप दिलायस, आल्यावर बोलू. तोवर तुला तिघांचं ऐकून झालेलं असेल, म्हणून चौथं माझं लिहून ठेवलं. आणि एक खबर, तोवर कुणी कानावर घातली असली तरी माझ्याकडूनही ऐक. उद्यापासून मी बोईसरच्या बाजारात बसतेय. आईंच्याच कोपऱ्यात, सगळ्या गावासमोर, टोपली डोक्यावर घेऊन, एसटीने. आईंना चला म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. ललितला सांग, गाडी आता उभीच आहे. फिल्टर वर्षातून एकदा पुरेल.

तुझीच (हेही भावोजींना विचारून घे),
सुलू