पाहुण्याचे नाव

मी, एदुविहेस उरियास, उरियास घरची थोरली मुलगी, राहणार एल कारिसाल, बाहा कालिफोर्निया, धंदा बकऱ्या राखणे व खजूर वाळवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. बंदरावरच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, तोंड पाडले आणि कॉफी बंद करा म्हणाला, तेव्हाच मी काय ते समजले. कॉफी मी घेतेच आहे. हा मजकूर माझ्याकडून कोणी दमदाटीने लिहून घेत नाही. उलट मी तो लिहू नये म्हणून एक जण सकाळपासून बाहेर अंजिराखाली ठाण मांडून बसला आहे. त्याचा नंबर पुढे लागेलच.

हे आजच लिहिणे भाग आहे. सामानाचा ट्रक संध्याकाळी बंदराकडे परत फिरेल आणि हा कागद त्याच्याबरोबर नोटरीकडे गेला पाहिजे. पुढचा ट्रक येईपर्यंत मी असेन याची हमी कोणी देत नाही.

साक्षीला दोघे समोर बसले आहेत. एक आमच्यातलीच, म्हणजे इथल्या मूळच्या कोचिमी जमातीतली, सुईण बासिलिसाबाई, जिने या खोऱ्यातली निम्मी माणसे जगात आणली. दुसरा शेजारच्या रांचोचा, म्हणजे गुरांच्या वाडीचा, मालक तेलेस्फोरो मुरिल्यो, हा आमच्यातला नव्हे. त्याला लिहितावाचता येत नाही, पण त्याचा शब्द बंदरापर्यंत मानतात, म्हणून बोलावला.

प्रथम जंगम मालमत्ता. शिवणयंत्र बासिलिसाबाईच्या नातीला. पाटा-वरवंटा आईचा, तिच्या आईचा, त्याआधी कोणाचा ते ठाऊक नाही. तो या घरातून हलवू नये. बकऱ्या घराबरोबर जातील. काळी शिंगमोडी मारकी आहे, तिला विकू नये, तिचा स्वभाव माझ्यासारखाच आहे. पिटायाची, म्हणजे उंच निवडुंगाची, फळे पाडायची लांब काठी आढ्याला बांधली आहे; ती ज्याला हवी त्याने घ्यावी, मात्र फळे पाडताना पहिले फळ तिथेच ठेवून यावे.

तेलेस्फोरो मुरिल्यो यास एक दोरी. याचे कारण लिहून ठेवते. आमच्या कोचिमी पूर्वजांच्या काळी मांस क्वचित मिळे. तेव्हा एक तुकडा दोरीला बांधायचे, एकाने गिळायचा, दोरीने वर ओढायचा आणि शेजारच्याला द्यायचा, म्हणजे सगळ्यांच्या घशाला चव मिळे. मला विचाराल तर यात लाजण्यासारखे काही नाही, वाटून खाण्याची ती रीत होती. पण माझ्या बहिणीच्या लग्नात, मी मांसाचे ताट घेऊन फिरत असताना, तेलेस्फोरोचा बाप सगळ्यांदेखत ओरडला, "दोरी कुठाय गं? दोरी विसरलात का?" सगळा मांडव हसला. मी ताट खाली ठेवले नाही, पण विसरलेही नाही.

हे मी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले, तर तेलेस्फोरो म्हणतो, "अहो, ते माझा बाप बोलला. मी तेव्हा पाळण्यात होतो!"

"मग बापाच्या थडग्यावर नेऊन ठेवा."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवता येत नाही असे बासिलिसाबाईने सांगितले. म्हणून दोरी मी त्याला आत्ताच दिली. त्याने खिशात घातली. माणूस तसा चांगला आहे.

आता केसांचे वस्त्र. आमच्यात माणूस गेला की त्याचे केस कापून त्या वस्त्रात विणतात. मेलेले उत्तरेला राहतात आणि वर्षातून एकदा, पिटायाच्या दिवसांत, उत्तरेच्या वाटेने जेवायला येतात. पूर्वी मांत्रिक ते वस्त्र पांघरून त्यांच्या नावचे जेवायचा, आणि पोट मांत्रिकाचेच भरते हे बायकांना ठाऊक असूनही त्या दरवर्षी रांधायच्या. मिशनच्या पाद्र्यांनी अशी वस्त्रे जाळली. हे एक वाचले, कारण आमच्या घरच्या बायकांनी ते डोंगरात नेले. आता मांत्रिक नाही, बोलीतलेही थोडेच शब्द उरले आहेत. मागे एक प्राध्यापक येऊन सांगून गेला की कोचिमी लोक केव्हाच संपले, तसे छापलेले आहे. या संपलेल्या बाईच्या हातचे बकरीचे मटण त्याने दोनदा मागून खाल्ले.

वस्त्राची जागा मी बासिलिसाबाईच्या कानात सांगितली आहे. ते विकू नये, दाखवू नये, काचेत ठेवू नये. माझे केस त्यात विणावेत, पण मी नीट गार पडल्यावरच. नाकाशी आरसा धरून खात्री करावी. घाई केल्याने काय होते ते आमच्या घराने भोगले आहे, आणि आता तेच लिहिते.

मला एक भाऊ होता, असे हे गाव म्हणते. माझ्या पाठचा. मोत्यांच्या होडीवर बुड्या मारायला गेला. निघताना आईने त्याचे केस कापले, होडीवर उवा होतात म्हणून, आणि ती वेणी पेटीत ठेवून दिली. त्या वर्षी वादळ झाले. होडी सगळ्यांसकट बुडाल्याची बातमी आली. आईने चर्चमध्ये त्याचा मृत्यू नोंदवला, मग डोंगरात गेली आणि ती वेणी वस्त्रात विणली. त्या दिवसापासून त्याचे नाव घेणे बंद झाले. आमच्यात मेलेल्याचे नाव घेत नाहीत. नाव घेतले की तो अर्ध्या वाटेतून मागे वळतो आणि हाक मारणाऱ्याला सोबत नेतो.

काही वर्षांनी तो आला. दुसऱ्या एका होडीने त्याला वाचवून वरच्या किनाऱ्यावर सोडले होते. पाय मोडला होता, लिहिता येत नव्हते. बरा झाला, जमेल तिथे राबला, आणि चालत घरी निघाला. आता वरचा किनारा उत्तरेला. म्हणजे आला तो उत्तरेच्या वाटेने, आणि नेमका पिटायाच्या दिवसांत, दिवेलागणीला, अंगावर मिठाची पांढरी धूळ. आई मेलेल्यांसाठी वाढलेले ताट घेऊन उंबऱ्याशी उभीच होती. तिने त्याला पाहिले. ताट उंबऱ्याबाहेर ठेवले, मागे सरली आणि म्हणाली, "जेव बाबा, आणि नीट परत जा."

तो जेवला. तो गेला नाही.

मी आईला म्हटले, "अगं, हात लावून बघ त्याला. गरम आहे."

"उन्हातला दगडही गरम असतो."

"आई, तो खातोय, खोकतोय!"

"केस विणून झाले, एदु. ते उसवायचे तर त्याच्याबरोबर सगळ्यांनाच उसवावं लागेल. तुझ्या बापाला, माझ्या आईला. उसवशील तू?"

मी नाही उसवले. कोणीच उसवले नसते. आई शेवटच्या आजारपणात त्याच्याकडे बघून रडायची, पण नाव तिने घेतले नाही. आईचे चुकले का? वेणी विणण्यात चुकले. रीत पाळण्यात चुकले असे मी म्हणणार नाही, आणि या वयात माझ्याकडून ते कोणी वदवूनही घेऊ नये.

तो आमचा पाहुणा झाला. सगळे त्याला पाहुणाच म्हणतात. झऱ्याकाठच्या खोलीत राहतो. घरात पाऊल टाकत नाही, त्याचे ताट उंबऱ्याबाहेर असते. झऱ्याचा पाट त्याने बांधला. जुनी खजुराची झाडे त्याने राखली, नवी लावली. मला ताप आला की उंबऱ्याबाहेर बसून राहतो आणि "ताई, पाणी देऊ का?" विचारतो, आणि मी पाणी बासिलिसाबाईला आणायला सांगते, म्हणजे मला त्याला काही म्हणून हाक मारावी लागत नाही. मला त्याची फार माया आहे. हे मी कोणाला बोलले नव्हते, ते इथे लिहून ठेवते.

आता स्थावर मालमत्ता. घर, खजुराची बाग, आणि झऱ्यासह जमीन. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस सुकलेली नदी, दक्षिणेस तेलेस्फोरोचे कुंपण (जे त्याने हळूच हातभर आत सरकवले आहे, ते त्याने मागे घ्यावे), उत्तरेस वाट. हे सर्व माझ्या पश्चात माझ्या पाहुण्यास जावे, असे मी लिहिले.

इतके लिहून होते न होते तोच अंजिराखालचा इसम आत आला. हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा ओनेसिमो. बहीण वारली, हाच काय तो माझा कागदावरचा वारस. झऱ्यावर हॉटेल बांधू पाहणारा एक माणूस त्याने गाठला आहे. तो उद्या जीप घेऊन येतोय.

त्याने माझ्या खांद्यावरून वाचले आणि हसला. "मावशी, पाहुणा म्हणजे कोण?"

"तुला ठाऊक आहे कोण."

"मला ठाऊक आहे गं. कोर्टाला ठाऊक आहे का? कोर्टात पाहुण्याच्या नावावर जमीन होत नाही." त्याने चर्चच्या नोंदीची नक्कल माझ्यापुढे ठेवली. "हे बघ. बुडाला. आजीनेच लिहून दिलंय. मेलेल्याला वारसा मिळत नाही, मावशी. आणि गावात कोणालाही विचार, तू जन्मात त्याला हाक मारलीस का? सख्खी बहीणच ज्याला मेलेला मानते, त्याला जज्ज जिवंत कसा मानेल?"

"म्हणजे तू त्याला हाकलणार."

"हाकलेन कशाला? शहरात म्हाताऱ्यांसाठी जागा असतात."

झरा सोडून हा माणूस शहरात एक आठवडा जगणार नाही. हे मला जितके कळते तितकेच ओनेसिमोलाही कळते.

बोलणे कडू लागले तरी त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून मी 'पाहुणा' या शब्दावर काट मारली. ती काट माझीच आहे, तिच्याशेजारी माझी सही आहे. आणि वर त्याचे नाव लिहिले: फिदेन्सियो उरियास, माझा सख्खा भाऊ. अक्षर वाकडे आले, पण वाचता येते.

मी कागद तेलेस्फोरोपुढे सरकवला. तो म्हणाला, "बाई, राग मानू नका. मला वाचता येत नाही. कानांनी ऐकल्याशिवाय मी अंगठा उठवणार नाही. उद्या कोर्टात विचारलं, कोणाचं नाव होतं, तर मी काय सांगू?"

"बासिलिसाबाई वाचतील."

बासिलिसाबाई उठून उभी राहिली. "मी नाही बाई! आणि तूही वाचू नकोस, एदुविहेस. नाव घेतलंस तर घेऊन जाईल तो तुला."

"मी निघालेच आहे. सोबत मिळाली तर बरंच."

ओनेसिमो दाराला टेकून वाट बघत होता. मी वाचणार नाही याची त्याला खात्री होती. खरे सांगते, मलाही तसेच वाटत होते. मरणाची भीती नव्हती. भीती दुसरीच होती. आई म्हणाली ते खरेच असेल, केस गेले तिथे माणूसही गेला असेल, आणि मी हाक मारल्यावर त्या झऱ्याकाठी कोणीच नसेल, तर?

येथवरचा मजकूर मी वाचून दाखवणार आहे. त्यात जे लिहिले आहे ते सर्व खरे आहे.

एदुविहेस उरियास (सही)

पुरवणी. वाचन झाल्यावर त्याच बैठकीत लिहिली.

मी पहिल्यापासून वाचत आले. दोरीपाशी तेलेस्फोरो खोकला. कुंपणापाशी दुसऱ्यांदा खोकला. मग ते नाव आले आणि मी कागद मांडीवर ठेवला. ओनेसिमो म्हणाला, "राहू दे मावशी, कशाला त्रास करून घेतेस." त्या गोड बोलण्याने माझे डोके फिरले. मी खुर्चीला धरून उठले आणि नाव वाचले नाही, हाकच मारली. लहानपणी तो झाडावर चढून बसला की मारायची, तशी.

"फिदेन्सियोऽऽ!"

बाहेर पाटाशी फावडे चालले होते. ते थांबले. बासिलिसाबाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटले, संपले.

मग आवाज आला, "ओ, ताई! आलो, आलो!"

तो चिखलाच्या हातांनी धावत आला आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबला. मी म्हटले, "आत ये रे." तो आत आला. कुठे बसायचे ते त्याला कळेना, म्हणून मी त्याला माझी खुर्ची दिली. तो रडत होता आणि मीही. ओनेसिमो चर्चचा कागद घडी करत निघून गेला, त्याला कोणी अडवले नाही.

तेलेस्फोरोच्या सांगण्यावरून साक्षीदारांचे म्हणणे पुढे लिहिते:

आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की, एदुविहेस उरियास हिने हे मृत्युपत्र आमच्या समक्ष वाचले व सही केली. तिने फिदेन्सियो उरियास यास नावाने हाक मारली व त्याने ओ दिली, ती आम्ही दोघांनी ऐकली. सदर इसम हयात आहे.

बासिलिसा आग्विलार (सही)
तेलेस्फोरो मुरिल्यो (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: एल कारिसाल, बाहा कालिफोर्निया
दिनांक: ९ मार्च १९६८