साखरेच्या आरतीचं ताट

११ ऑक्टोबर, शनिवार

मुख्याध्यापिका बाईंना मीच बरी सापडते! अकोल्याहून विज्ञानाचे नवे सर आलेत — दीपक सर. एकटेच आहेत, नवनगरात खोली घेतलीय. "भार्गवी, त्यांना जरा गाव दाखव. या कानडी गावात तू मराठी बोलतेस, तुला सोपं." मराठी बोलते म्हणून मी काय गाइड झाले?

गिरमिट खायला नेलं. चुरमुरे, कांद्याची फोडणी, वर फुटाण्याची पूड, सोबत मिरची भजी. सर म्हणाले, "अच्छा, म्हणजे भेळ." भेळ!! मग त्यांनी दुसरी प्लेट मागवली. आवडलं, की माझा चेहरा बघून?

१९ ऑक्टोबर, रविवार

मळमड्डीत सकाळची गाण्याची बैठक. सर अडीच तास डोळे मिटून बसले. झोपले होते की ऐकत होते? विचारलं तर, "छान होतं." या माणसाला सगळंच छान. परवा आईची कडक भाकरीसुद्धा छान. काही कळायला मार्ग नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

दाजीबानपेठेत गेलो. गौरी हुण्णिमे, म्हणजे गौरीची पौर्णिमा, तीन दिवसांवर, म्हणून मिठाईवाल्या सुशीलाक्कांनी रस्त्याकडेला साखरेच्या आरत्या मांडल्यात — हत्ती, मोर, रथ, पांढरे नि गुलाबी. सर बघतच राहिले. "हे कशासाठी?"

सांगितलं — पौर्णिमेला मुली या आरत्यांनी गौरीला ओवाळतात, मग फोडून खातात.

एवढंच. पुढचं गिळलं. लग्न ठरलेल्या मुलीकडे मुलाच्या घरून याच आरत्यांचं ताट येतं, हे त्यांना कशाला सांगायचं? नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडेही आलं होतं, साडीसकट. दोन महिन्यांनी त्यांनी लग्न मोडलं. साडी परत केली. साखर तेवढी खाऊन झाली होती!

साऱ्या गावाची माहिती सांगत फिरते, आणि नेमकी तिथेच माझी जीभ अडते.

५ नोव्हेंबर, बुधवार. गौरी हुण्णिमे

सर आले. हातात ताट! हत्ती, मोर, रथ, वर शेवंतीची फुलं. "तुम्ही एवढं सगळं दाखवलंत, म्हणून म्हटलं..." वाक्य अर्धंच. ताट आईच्या हातात दिलं आणि चहासुद्धा न घेता गेले.

शेजारच्या शांताक्का नेमक्या दारात. "अय्य! कधी ठरलं ग? आम्हाला सांगितली नाहीस की!"

त्या गेल्यावर आईने हळूच विचारलं, "त्यांना ठाऊक आहे काय ग, याचा अर्थ?"

ठाऊक कसा असेल? मीच तर लपवला. मला राग आलाय. लाज वाटतेय. आणि — लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे — आनंदही झालाय. हे तिन्ही एकाच वेळी कसं काय होतं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताट कपाटावर ठेवलंय. आई म्हणते, फोड, मुंग्या लागतील. लागू देत.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सांगायचंच ठरवून गेले होते. स्टाफरूममध्ये सरांनीच विचारलं, "आरती फोडली का?" मी म्हटलं, वेळच झाला नाही. त्यांचा चेहरा पडला. का पडला? साखर वाया जाईल म्हणून?

पुरे झालं. सोमवारी स्पष्ट सांगणार — सर, चूक तुमची नाही, माझी. मी अर्धंच सांगितलं होतं. ताट परत न्या. नाहीतर शांताक्का गावभर करतील, आणि पुन्हा एकदा सगळ्यांना 'मोडलं' म्हणून सांगत फिरायची ताकद माझ्यात नाही. आईच्यात तर नाहीच.

९ नोव्हेंबर, रविवार

अस्तर आणायला दाजीबानपेठेत गेले होते. सुशीलाक्कांनी हाक मारली.

"ते तुझे सर आले होते की ग, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. नुसता मोर घेत होते. कुणाला म्हणून विचारलं, तर तुझं नाव. म्हटलं, अण्णा, असं उगीच देत नाहीत हो आमच्यात, त्याचा अर्थ असा असा होतो. हातातला मोर ताटात ठेवला. मग म्हणाले — मग हत्ती पण द्या. रथ पण."

घरी आले. खुर्चीवर चढून ताट खाली काढलं. हत्तीची सोंड मोडली आणि तोंडात टाकली.