बोटभर उघडा चौक

आये, शनिवारी सगळ्यांच्या आधी कोण आलं सांगू? आमच्या चित्रांच्या मंडळातली, कॅम्प पाचमध्ये राहणारी सिंधीण. पाहुणे पाचला येणार होते, ही चारलाच हजर, हातात पापडांचा डबा. आपलं गुलाबांचं चित्र आधी दिसावं म्हणून भिंतीवरचा मधला खिळा तिने केव्हाच धरलेला. ही मला दादी म्हणते. पहिल्यांदा रागच आला, माझ्याहून मोठी बाई मला आजी म्हणते म्हणजे काय. मग कळलं, त्यांच्यात दादी म्हणजे मोठी बहीण. आता मीही तिला दादीच म्हणते, दोघी एकमेकींच्या मोठ्या.

तुला जाऊन चाळीस वर्षं होतील, तुला हे कुठलं ठाऊक. बदलापूरला आमच्या बिल्डिंगखालच्या हॉलमध्ये दर शनिवारी चित्रांचं मंडळ भरतं. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक साहेब चालवतात. सूनबाईने ढकललं म्हणून गेले, आता शुक्रवारपासून पायात भिंगरी. दुसरीपर्यंत शिकलेली मी, पण तिथे कोणी विचारत नाही.

पाहुणे दोघं होते, एक बाई, एक बाप्या, मुंबईत चित्रं मांडतात म्हणे. दादीच्या गुलाबांवरून पुढे सरकले आणि माझ्यापाशी थांबले. तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात मी लग्नघरच्या भिंतीवरचा तुझा चौक केलाय. बाईने विचारलं, "आजी, कधीपासून चित्रं काढता?" मी म्हटलं, "काढत नाही, लिहिते." साहेब हसले. "आजी, लिहिणं वेगळं." म्हटलं, "आमच्यात चौक लिहितात. माझ्या आईला सही येत नव्हती, पण वांगणीच्या आसपास एक लग्न तिच्या लिहिण्यावाचून झालं नाही." दादी मागून म्हणाली, "अब बोलो साहब."

मग त्या बाईने किनारीवर बोट ठेवलं. "इथे चौकट सुटलीय. तेवढी जोडून ठेवा, फ्रेम करून मुंबईच्या मोठ्या हॉलमध्ये लावू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी हसतेय, आणि डोळे त्या किनारीवर.

ती सुटलेली नाही, मी सोडलीय. मावशीच्या लग्नातली ती सकाळ आठवते ना? मी आठ-नऊ वर्षांची. ओल्या गेरूच्या भिंतीवर तू तांदळाच्या पिठाने लिहितेस, वाडगा माझ्या हातात. शेवटची बोटभर जागा ठेवून तू नवरीला बघायला आत जातेस आणि मी शहाणी ती जागा जुळवून टाकते. तू बाहेर येतेस, माझ्या मनगटावर चापट. "कशाला जुळवलास गो? अजून हळद नाय लागली. आता देव आलं, त्यांना जेवाला कोन घालंल, तू?" मग तू ओल्या फडक्याने ती जागा पुसलीस. म्हणालीस, जुळला की देव आत येतात, लग्न उरकलं की भिंत सारवून त्यांना वाटेला लावायचं, चौक ठेवून घ्यायचा नसतो.

आता फ्रेम कोण सारवणार, आये? काचेमागे बसलेल्या देवांना रोज कोण विचारणार? न जोडला तर ते नेणार नाहीत, आणि मला वाटतं न्यावा. खरंच वाटतं. तुझं लिहिणं आजवर प्रत्येक वेळी शेणाखाली गेलं, एकदा तरी लोकांनी उभं राहून बघावं. चित्र घरी आणलंय, चार दिवस हेच. भाजी करपते, नात म्हणते आजी बस ना जरा, मी बसते आणि पुन्हा उठून किनारीकडे बघते.

हे पत्र टाकू तरी कुठे, तुझ्या घराच्या जागी आता चार माळ्यांची इमारत आहे. चित्रांच्या वहीतच ठेवते. पण एक सांगते, रागावू नकोस. आज दुपारी सगळे झोपलेले असताना मी ती जागा जोडली. पेन्सिलीने, अगदी फिकट. ब्रश पाण्यात भिजत ठेवलाय आणि नातीचा खोडरबरही शेजारीच आहे. पेन्सिलीचं देवांना कळतं का, तेवढं तुलाच ठाऊक. ते दोघं पाहुणे रविवारी चित्र न्यायला येतो म्हणालेत.