आठ वेळा ‘नाही’

३ मार्च, दुपारी
आरोग्य खात्याचं माहितीपत्रक छापायला आलं. विषय एचआयव्ही. दहा हजार प्रती. प्रुफं अर्थातच माझ्याकडे. या छापखान्यात शुद्धलेखन कळणारा दुसरा आहे कोण?
चहाच्या वेळी डीटीपीवाल्या बाई म्हणाल्या, विषय जरा अवघडच आहे. त्यावर मशीनमन शांतपणे म्हणाला की त्याला स्वतःलाच एचआयव्ही आहे, सात वर्षं झाली, रोज गोळी घेतो, तब्येत ठणठणीत आहे, मजकुरात काही अडलं तर विचारा. आणि बिस्किट चहात बुडवलं.
मी लगेच म्हणालो, आपण शिकलेली माणसं, आपल्याला काही फरक पडत नाही. छान इंप्रेशन पडलं. मग माझा चहा कुंडीत ओतला.

४ मार्च, सकाळी ९
संकल्प : भेदभाव करायचा नाही. फक्त अंतर ठेवायचं.
टेबल मशीनपासून लांब, खिडकीशी सरकवलं. मालकांना सांगितलं, उजेडासाठी. मग डास नकोत म्हणून खिडकी बंद केली. मालक म्हणाले, आता उजेडाचं काय? दिवा लावला. मालकांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे.

५ मार्च
एक डास मशीनवरून उठला आणि सरळ माझ्याकडे आला. मारला. नंतर लक्षात आलं की आता तो तळहातावर आहे. हात चार वेळा साबणाने, पाचव्यांदा मशीन पुसायच्या रॉकेलने धुतले.
छापखान्यातला टॉवेल बंद. उद्यापासून घरचा. मेहुणा आमच्याकडे मुक्कामाला आहे, डोळे आले म्हणून पडून असतो. त्याचा दोरीवर वाळत होता, तोच पिशवीत टाकला. घरचा तो घरचा.

६ मार्च
पत्रकाचं पहिलं प्रूफ काढलं. एकोणीस चुका. मी अर्थ वाचत नाही, अक्षर वाचतो. अर्थ वाचायला लागलं की वेलांट्या सुटतात. हे मी नव्या लोकांना नेहमी सांगतो. नवे लोक टिकत नाहीत.

७ मार्च
दुसरं प्रूफ. मजकूर फार ढिसाळ. ‘डास चावल्याने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, मिठी मारल्याने पसरत नाही.’ एकाच परिच्छेदात आठ वेळा ‘नाही’. कान किटतात. पुनरुक्ती म्हणून आठही काढले, ‘पसरत’चं ‘पसरतो’ केलं. मजकूर आता वाहता झाला.

८ मार्च, सकाळी ११
मशीनमनने पहिलाच कागद हातात घेतला, वाचला आणि मशीन थांबवलं. मशीनमनने वाचायचं काय कारण? त्याने कागद माझ्याकडे न देता थेट मालकांकडे नेला. मालक केबिनमधून बाहेर आले ते हळू आवाजात बोलतच. हळू आवाज हा त्यांचा सगळ्यात वाईट आवाज. म्हणाले, दहा हजार घरांत हे गेलं असतं तर उद्या याच्यासारख्या माणसाशेजारी कोणी बसलं असतं का?
मी म्हणालो, चूक शुद्धलेखनाची नव्हती.
आठही ‘नाही’ परत घातले. मशीनमन या विषयात फारच पर्सनल होतो.

१० मार्च, सकाळी ७
डोळे लाल. पाणी येतंय, पापण्या चिकटल्या आहेत. संपलं सगळं. पहिला कागद शेवटी माझ्याच हातात आला होता, आणि तो त्याने हाताळलेला होता.
हिला सांगितलं की मी फार दिवसांचा सोबती नाही. ती म्हणाली, तरी भाजी घेऊन या.

१० मार्च, दुपारी
डॉक्टरांनी विचारलं, शंका कशामुळे? मी सांगितलं : डास, कागद, आणि एकदा चुकून त्याच्या खुर्चीवर बसलो होतो. डॉक्टर बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग समजावलं की यातल्या कशानेही होत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, एकमेकांच्या सुया, दूषित रक्त, आईकडून बाळाला, असे मार्ग असतात. माझ्या आयुष्यात यातलं एकही घडलेलं नाही. थोडं ओशाळल्यासारखं झालं.
तरी टेस्ट करून घेतली. निगेटिव्ह. डोळे मात्र आलेत, म्हणाले. हाताने, टॉवेलने पसरतात, घरीच थांबा. डॉक्टर लोक फार घाबरट.

११ मार्च
निगेटिव्ह! आनंदाने कामावर गेलो. मालकांशी, बाईंशी, कागदवाल्याशी, दोन गिऱ्हाइकांशी हस्तांदोलन. बाईंचे हात ओले होते, माझा टॉवेल दिला. मशीनमनला लांबूनच मान हलवली. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून माणसाने बेसावध होऊ नये.

१४ मार्च
मालकांचे डोळे आले. बाईंचे आले. कागदवाल्याचे आले. हिचेही. छापखाना बंद. एकट्या मशीनमनचे डोळे स्वच्छ. मला पान दिसत नाही, ओळ ओळीवर चढते आहे.

१५ मार्च, संध्याकाळी
ही नोंद मी सांगितली आणि मशीनमन यांनी लिहिली. बावीस वर्षांत रोजनिशी बंद पडलेली नाही, म्हणून त्यांना विनंती केली. ते स्वतःहून डोळ्यांचं औषध घेऊन आले होते. फार मोठ्या मनाचे आहेत. माझं त्यांच्याबद्दल पहिल्यापासून हेच मत आहे.
कोरं पान शोधताना मागची पानं वाचली गेली, असं ते म्हणाले. मी म्हणालो, ती मी लिहीत असलेल्या एका कथेतली आहेत. हे लिहू नका, असंही म्हणालो. त्यांनी लिहिलं.
मग मी हात पुढे केला.
“आत्ता नको,” ते म्हणाले. “तुमचे डोळे बरे होऊ द्यात.”