न सापडलेला पाना

लाहेरी, दुपार

लाडक्या अमर,

सकाळपासून बाबांच्या छातीत कळा येताहेत. डॉक्टर म्हणतात, आजच चंद्रपूरला हलवा. नाल्यांना पूर आहे, रस्ता पाण्याखाली गेलाय. आम्हाला न्यायला येऊ शकणारं एकमेव हेलिकॉप्टर तू आजच उड्डाणबंदी घालून जमिनीवर बसवलंस. हेलिकॉप्टर-दुरुस्तीच्या कंपन्या तपासणं हे तुझं कामच आहे.

त्या कंपनीतला मेकॅनिक प्रफुल माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला होता.

"बाई, मशीन चांगली हाय. एक पाना दिसून नाई राह्यला, तं तुमच्या पोरानं उडणंच बंद केलं. लय खडूस हाय! पेशंट कोन हाय, त्याले मालूम नाई. सांगू काय?"

"नको," मी म्हटलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाचा तास संपला की सिस्टर सुया मोजून घ्यायच्या. एक जरी कमी भरली, तरी कुणी घरी जायचं नाही. एकदा ती सुई बालवर्गातल्या पोरीच्या फ्रॉकमध्ये निघाली. ही गोष्ट ऐकल्याशिवाय तू झोपायचा नाहीस.

पेशंट कोण हे तुला कळलं तर तू उड्डाणाच्या परवानगीवर सही करशील, आणि पाना इंजिनात राहिला असला तर पायलटचाही जीव जाईल. नाही केलीस, तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीस. म्हणून हे पत्र माझ्या पर्समध्येच राहील.

पण बाळा, बाबांचे हात गार पडताहेत. शोध रे. बाकांखाली बघ, सगळ्यांचे खिसे बघ. लवकर शोध.

तुझीच,
आई