गिरणीचं जुनं चाक

६ फेब्रुवारी १९७४, बुधवार

लिहीन लिहीन म्हणता तीन दिवस गेले. मंगरूळपीरच्या बसस्टँडवर वही घेतली ती याच बोलीवर, की नव्या गावात रोज दोन ओळी लिहायच्या. पहिल्या दिवशी दमलो होतो. दुसऱ्या दिवशी पेन्सिल सापडेना. काल शेजारच्या हिरीबाईची बकरी व्याली, तिथंच बसून राहिलो. दोन पिल्लं झाली, एक निव्वळ काळं.

तर, आता मी मिस्त्री आहे! इंझोरीच्या पुढं कोसभर आत ही वस्ती, आणि वस्तीत शालिग्रामभाऊची पिठाची गिरणी. डिझेलचं इंजिन, त्याच्या बाजूला माणसाच्या कमरेइतकं उंच, जड चाक, चाकावरून पट्टा, पट्ट्यानं दगड फिरतात. चाक नवं बसवलं आणि तेव्हापासून इंजिन सुरूच होईना. अकोल्याच्या एका गॅरेजात मी आठ महिने पाने पुसले होते, तेवढ्या भांडवलावर भाऊनं मला कामाला धरलं. सुरू करून दिलं तर काम कायमचं, वर गिरणीमागची खोली. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून मी कुठंच धड टिकलो नाही. खोलीच्या खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. इथं टिकावं असं वाटतं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

डिझेल गाळून भरलं. नळीतली हवा काढली. नोझल खोलून फवारा पाहिला, धुक्यासारखा बारीक, काही खोट नाही. दाबही चांगला. म्हणजे सगळं ठीक, फक्त सुरू होत नाही. दिवसभर हँडल मारलं. खांदे आता माझे वाटत नाहीत.

बाया डोक्यावर दाणे घेऊन इंझोरीला दळायला जातात, जाताना माझ्याकडं पाहून हसतात. तुळसाबाई थांबून म्हणाली, “मिस्त्री, फिरवूनच राह्यले तर दाणे टाकू का? तुमच्या हातानं तरी पीठ निघन!” भाऊनं विचारलं, अकोल्याले काय शिकला बे, चहा आणाले?

जुनं चाक काहून काढलं, असं मी विचारलं तर भाऊ उठून बाहेर गेला. मग रामीबाईनं सांगितलं. ती मला भाकर आणून देते. तिचा नवरा देवमन अकरा वर्षं इथला मिस्त्री. दिवाळीच्या आधी त्यानं चालता पट्टा हातानं चाकावरून पाडायला पाहिलं. पट्ट्यानं हात ओढला आणि चाकानं बाकीचा माणूस. त्यानंतर त्या चाकाचं पीठ कोणी खाईना. भंगारात द्यायचं नाही, अशी इकडची रीत. माणूस घेतलेलं लोखंड गावाबाहेर धाडत नाहीत, आपली पीडा दुसऱ्याच्या दारी कायले? म्हणून ते शाळेपुढच्या चिंचेला साखळीनं टांगलं. शिपाई फुलचंद त्यावर सळई मारतो, तीच शाळेची घंटा. रामीबाई रोज ती ऐकते. हे सांगताना ती रडली नाही, भाकरीवरची राख झटकत राहिली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा वाजता एक नवल झालं. मी हँडल काढून घाम पुसत बसलो होतो आणि चाक आपोआप अर्धा फेरा फिरलं. दाब उलटा बसला असेल असं वाटलं. संध्याकाळी पाचला परत अर्धा फेरा. तेव्हा मी इंजिनाला हातही लावलेला नव्हता.

९ फेब्रुवारी, शनिवार

अकराची वाट पाहत बसलो. काही नाही. पण सकाळी साडेसातला, मी दात घासत होतो तेव्हा, चाक हललं होतं. दुपारी भाकर खाताना डोक्यात उजेड पडला. शनिवारी सकाळची शाळा असते.

१० फेब्रुवारी, रविवार

शाळेला सुटी. दिवसभर इंजिनाला कान लावून बसलो. ढिम्म. एकदा झोपही लागली, कान लोखंडाला चिकटलेलाच.

११ फेब्रुवारी, सोमवार

अकरा वाजता भाऊला हात धरून आणलं. तिकडं घंटा पडली, इकडं चाक फिरलं. भाऊचा चेहरा पिठासारखा झाला. मी म्हणालो, गॅरेजात एकच नियम असतो. नव्या पुर्ज्यानं मशीन रुसलं तर जुना बसवून पाहायचा. भाऊनं इंझोरीच्या वाटेकडं पाहिलं. मग म्हणाला, बाया किती दिवस कोस कोस चालतीन. बसव.

रामीबाई दुपारी आली. माझं मनगट धरून म्हणाली, “बापू, त्यानं एक डाव चव घेतली हाय. झाडाले हाय तं झाडालेच राहू दे.” मी हो म्हणालो. खरंच हो म्हणालो. पण ती गेल्यावर ती खोली, ती खिडकी... चौघांनी बैलबंडीतून चाक आणलं, मी बसवलं. शेवटचा बोल्ट आवळला आणि हँडल घ्यायला वळलो तर इंजिन सुरू! लोकांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फोडला. तुळसाबाईनं पहिलं दळण टाकलं. मला मिस्त्रीसाहेब म्हणाली.

रामीबाईनं आज भाकर आणली नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून इंजिन बंद झालेलं नाही.

डिझेलचा कॉक बंद केला. चालूच. नळी काढली, टाकी उलटी केली, हवेच्या तोंडात बोळा कोंबला. चालूच. दगड वर उचलायचा दांडा जाम झालाय. दाणे संपले की दगडावर दगड घासतो आणि ठिणग्या उडतात. पिठाची धूळ पेटली तर छपरं सगळी एकाला एक लागून, हिरीबाईचं तर भिंतीलाच. तिची नात आत झोळीत असते. म्हणून दाणे टाकत राहायचं. पायली भरायची, टाकायची, भरायची.

पट्टा पाडायला लांबून बांबू घातला. बांबू आत गेला, सगळाच. तळहाताची साल त्याच्यासोबत गेली.

भाऊ मोठा मिस्त्री आणायला मंगरूळपीरला गेला.

१३ फेब्रुवारी, बुधवार

लोक आत येत नाहीत. पोतं उंबऱ्याशी टाकतात आणि मागच्या मागं जातात.

फुलचंद तेवढा आला. म्हणाला, तू नीज घडीभर, मी टाकतो. त्यानं पायली उचलली आणि पट्टा त्याच्याकडं सरकला. चाकावरून हातभर बाहेर झुकला, गाय मान वळवते तसा. त्याच्या सदऱ्याची बाही गेली. हात वाचला. तो ओरडत पळाला.

पट्टा परत जागेवर. माझ्याकडं झुकत नाही. मी टाकणारा ना. दुसरं कोणी जवळ येऊ नये, एवढंच. दाराला आडवी दोरी बांधली.

भाऊ आला नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

लिहितो कारण डोळे मिटतात. एक पायली, एक ओळ.

लोकांनी बियाण्याची ज्वारी आणून टाकली. चार पोती. त्याच्यानंतर काय—

खांदा उचलत नाही. डाव्या हातानं टाकतो.

आवाज आता बरा वाटतो. झोळीसारखा. येतो, जातो— येतो—

नाही. जागा आहे.

दुपार

दोन पोती.

बसलो की पाय उठत नाहीत. पाटीतून बसल्या बसल्या—

भाऊची बस आली असेल. दारात कोणी तरी आहे. दोरीखालून वाकून—

भाऊ नाही.

माय आहे. माझी माय, मेडशी गावची! दोन वर्षं झाली, मी साधं कार्ड धाडलं नाही, तिले कोणी सांगितलं मी इथं— काखेत गाठोडं. हसून राह्यली. तोंड हलते, माझं नाव घेते वाटते, ‘इंद्रभान’. आवाजात काहीच ऐकू—

माझे हात पाहिले तिनं. हसणं गेलं. गालाखाली तळवा ठेवून दाखवते, तू नीज, मी टाकते.

मी दोन्ही हात हलवले, जाय, मागं जाय. तिले वाटलं ये म्हणतो.

पदर खोचला. पायली घेतली.

पट्टा वळला—

पाय उठत नाहीत. माय, तिकडून न