पीस्लीआजोबांशी जोडी

मॉन्टपेलिअर, मार्च १९२७

आई गं,

मी बरा आहे. विधानसभेत सभापतींच्या हातोडीला मेपलचा पाक मीच चोपडला, पण ते हसले. काळजी करू नकोस.

धरणाचा कायदा एका मताने मंजूर झाला. आपलं शेत पाण्याखाली जाणार. मी विरोधात मत दिलं असतं तर बरोबरी होऊन तो पडला असता. पण धरणाच्या बाजूने मत देणारे आमचे म्हातारे सभासद पीस्लीआजोबा आजारी होते. इथे रीतच आहे, आजारी माणसाशी विरुद्ध बाजूच्या कुणी जोडी लावायची. तो येत नाही, म्हणून हाही मत देत नाही.

आजोबा खाटेवरून म्हणाले, "कार्ट्या, तुझ्यावर भरवसा ठेवू?"

"ठेवा की. खोड्या काढतो, दगा देत नाही."

नाव पुकारलं तेव्हा गप्प बसलो. मतदान संपल्यावर शिपाई सांगत आला, पीस्ली सकाळीच गेले. माणूस गेला की जोडी सुटते. मला मत देता आलं असतं.

ते परतल्यावर दचकावेत म्हणून त्यांच्या खणात रबरी उंदीर ठेवला होता, तो काढून घेतला.

मेपलला रस सुटला का? धाकट्या ड्वाइटला सांग, यंदा सगळ्या झाडांना रसाच्या बादल्या टांग.

तुझं कार्टं,
ऑर्विल